ग्रहांची फेरी आणि जगाचा कारभार

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी ज्योतिषी नाही आणि खगोलशास्त्रज्ञही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि पोटासाठी बँकेत कारकून. तेव्हा या विषयावर मी काय बोलणार, असे काहींना वाटले असेल. पण काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या माणसाला समाजाची श्रद्धा रुपये-पैशांत दिसते. पितृपक्षात वाहन कर्जाच्या फाइली थंडावतात आणि दसरा जवळ आला की त्याच फाइलींची घाई सुटते. एखादे गृहस्थ राहूकाळ टळेपर्यंत पासबुक हातात धरून बाकावर बसून राहतात. मागून आलेले चार जण पैसे भरून निघून जातात. हे झाले वैयक्तिक. आजचा विषय त्याहून मोठा आहे. देशाची निवडणूक, लढाई, दुष्काळ, महागाई, रोगराई हे सारे ग्रहांच्या फेरीप्रमाणे घडते, असे सांगणारी ज्योतिषाची एक शाखा आहे. तिला मेदिनीय ज्योतिष म्हणतात. दिवाळी आली, पाडवा आला, निवडणूक जाहीर झाली की या शाखेला बहर येतो.

आधी ग्रहांची फेरी म्हणजे काय ते पाहू, कारण तेवढा भाग खरा आहे. गुरूला सूर्याभोवती एक फेरी करायला सुमारे १२ वर्षे लागतात, शनीला साडेएकोणतीस. म्हणून शनी एका राशीत अडीच वर्षे राहतो आणि तीन राशींची मिळून साडेसाती होते. गुरू आणि शनी दर वीस वर्षांनी आकाशात एकमेकांजवळ येतात. राहू आणि केतू हे तर ग्रहच नव्हेत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू आहेत, आणि त्यांची फेरी साडेअठरा वर्षांची. हे गणित आपल्या देशात फार पूर्वीपासून चांगले होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त स्पष्ट सांगितले आहे की ग्रहण हा पृथ्वीच्या आणि चंद्राच्या छायेचा प्रकार आहे, राहू गिळतो म्हणून ते होत नाही. गंमत अशी की त्याच ग्रंथात कोणत्या ग्रहणाने कोणत्या राजाचा नाश होतो तेही दिले आहे! भारतवर्षाचे नऊ भाग करून सत्तावीस नक्षत्रे त्यांना वाटून दिली आहेत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया त्या वाटणीत अर्थातच नाहीत.

लोकांचा गोंधळ इथेच होतो. पंचांगात दिलेली ग्रहणाची वेळ मिनिटाला बरोबर येते, म्हणून शेजारच्या पानावरचे भविष्यही बरोबर असणार असे वाटते. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यात परस्पर दाखवावी, तसा हा व्यवहार आहे. आमच्याकडे असे कोणी केले तर त्याची चौकशी लागते.

पाडव्याला पंचांगवाचन होते. यंदाचा राजा कोण, मंत्री कोण, हे मोठ्या आवाजात सांगतात. हा राजा कसा ठरतो, हे किती जणांना ठाऊक आहे? चैत्र शुद्ध प्रतिपदा ज्या वारी येते, त्या वाराचा ग्रह राजा. सूर्य मेष राशीत ज्या वारी जातो, त्या वाराचा ग्रह मंत्री. बस्स, एवढेच. २०२४ साली पाडवा मंगळवारी होता, म्हणून मंगळ राजा; मेष संक्रांत १३ एप्रिलला शनिवारी, म्हणून शनी मंत्री. (मेष संक्रांत १३-१४ एप्रिलला येते. म्हणजे आपण जयंतीच्या मिरवणुकीच्या तयारीत असतो तेव्हा तिकडे मंत्रिपदाचा शपथविधी चाललेला असतो.) २०२० साली पाडवा २५ मार्चला, बुधवारी होता. राजा बुध, म्हणजे व्यापाराचा आणि बुद्धीचा कारक. त्याच २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदीत गेला आणि व्यापाराच्या राजाच्या राज्यारोहणाच्या दिवशीच दुकानांची शटर खाली आली. आम्ही बँकवाले तेवढे तोंडाला फडके बांधून कामावर जात होतो.

त्यानंतर काय झाले, तेही आठवून पाहा. साथ पसरल्यावर सांगण्यात आले की २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाला धनू राशीत सहा ग्रह एकत्र होते, त्याचे हे फळ. सहा ग्रह होते हे खरे. पण ते तिथे येणार हे पंचांगकर्त्यांना कितीतरी वर्षे आधी ठाऊक होते. मग २०१९ च्या दिवाळीत ‘पुढच्या वर्षी शाळा, रेल्वे, कारखाने बंद राहतील’ असे ठळक अक्षरांत छापायला काय हरकत होती? नंतर सांगितलेल्या भविष्याला आमच्याकडे मागील तारखेचे व्हाउचर म्हणतात.

आता १९६२ सालाकडे येऊ. आपल्या मंडळातल्या ऐंशीच्या घरातल्या आजी-आजोबांना ते आठवत असेल. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीला रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे सातही मकर राशीत आले आणि केतू धरून आठ झाले. अष्टग्रही! जगबुडी होणार, भूकंप होणार, महायुद्ध पेटणार, अशी हवा देशभर पसरली. ठिकठिकाणी यज्ञ झाले, तुपाचे डबे होमात रिकामे झाले, लोकांनी प्रवास आणि लग्ने पुढे ढकलली. पंडित नेहरूंनी या सर्व प्रकाराची जाहीर थट्टा केली, पण भीती काही कमी झाली नाही. पाच तारखेला अमावस्या होती आणि खग्रास सूर्यग्रहणही होते. ते दिसले पॅसिफिक महासागरात. सहा तारखेला नेहमीसारखा सूर्य उगवला. त्याच महिन्यात तिसऱ्या लोकसभेची निवडणूक ठरल्याप्रमाणे पार पडली.

यावर ज्योतिषाचे समर्थक म्हणतात की फळ लगेच मिळत नसते. ऑक्टोबरमध्ये चीनने आक्रमण केलेच ना? २० ऑक्टोबर १९६२ ला ते झाले, म्हणजे साडेआठ महिन्यांनी. एवढी मुदत दिली तर कोणत्याही देशात काहीतरी वाईट घडतेच. आणि मग अष्टग्रहीच्या सात आठवडे आधी, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, ती आनंदाची गोष्ट कोणाच्या खात्यावर टाकायची? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून पुण्यात हाहाकार उडाला, तेव्हा आकाशात अष्टग्रही नव्हती. होते ते काम पुरे न झालेल्या धरणात साठवलेले पाणी. हवे असेल तर त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेल्या गुरू-शनी युतीकडे बोट दाखवता येईल. आठ ग्रहांची युती नसेल तर दोघांची, दोघांची नसेल तर ग्रहण, ग्रहण नसेल तर वक्री शनी. कारण कधी कमी पडत नाही. हिशेबात हीच खरी गोम आहे.

शिवाय ते ग्रह नक्की होते कुठे? आपले निरयन पंचांग म्हणते मकरेत. पाश्चात्य ज्योतिषी सायन पद्धतीने म्हणतात कुंभेत. दोन पद्धतींत आज सुमारे २४ अंशांचा, म्हणजे जवळजवळ एका राशीचा फरक आहे. तेच ग्रह, तीच रात्र, राशी दोन! २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी १६२३ नंतर इतके जवळ प्रथमच दिसले. तेव्हाही इकडे मकर आणि तिकडे कुंभ. एकाच चेकवर दोन रकमा लिहिल्या असतील तर कॅशियर तो चेक परत करतो.

मित्रहो, आता मी ज्या देशाबद्दल बोलणार आहे तो आपल्याला जवळचा आहे. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. ब्रह्मदेशात त्या काळी सहावी संगीती चालू होती आणि पंतप्रधान ऊ नू हे तिचे मोठे आश्रयदाते. इगतपुरीला ज्या विपश्यनेसाठी आपल्यातले अनेक जण जातात, तीही गोएंका गुरुजींनी तिथूनच आणली. अशा या बौद्ध देशाने आपल्या स्वातंत्र्याची घटिका ज्योतिष्यांना विचारून निवडली होती. ४ जानेवारी १९४८, पहाटे ४ वाजून २० मिनिटे. यापेक्षा शुभ मुहूर्त नाही असे सांगितले गेले. तीन महिन्यांच्या आत कम्युनिस्टांचे बंड सुरू झाले, पुढच्या वर्षी कारेन लोकांचे, आणि त्या देशातला यादवीचा धूर अजून विरलेला नाही. तो धूर कुठून आला? इंग्रजांनी ठेवलेली वांशिक फाटाफूट, दुसऱ्या महायुद्धात गावोगाव वाटली गेलेली शस्त्रे, आणि स्वातंत्र्याआधी सहा महिने झालेला आंग सान यांचा खून. मुहूर्त बिचारा यातले काय निस्तरणार?

१९६२ च्या अष्टग्रहीला याच ऊ नू यांनी संकट टळावे म्हणून बैल, डुकरे, कोंबड्या, मासे, खेकडे असे प्राणी मुक्त केले. प्राण्यांना जीवदान मिळाले ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यांच्यावरचे संकट आकाशात नव्हते, ते लष्कराच्या बराकीत होते. २ मार्चला, महिन्याच्या आत, जनरल ने विन याने सत्ता बळकावली आणि ऊ नू कैदेत गेले. ज्योतिषी म्हणेल, बघा, अष्टग्रही खरी ठरली. मी म्हणेन, पंतप्रधानाने त्या फेब्रुवारीत आकाशाऐवजी आपल्या सेनापतीकडे नीट पाहायला हवे होते.

ने विनचे प्रकरण मला बँकेचा माणूस म्हणून विशेष वाटते. ९ हा अंक शुभ, अशी त्याची समजूत होती असे सांगतात. अंकशास्त्र हे ज्योतिषाचे चुलत भावंडच. ५ सप्टेंबर १९८७ ला त्याने २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या. बदलून देण्याची सोय नाही, मुदत नाही. त्यानंतर नव्या नोटा आल्या त्या ४५ आणि ९० क्यातच्या, म्हणजे दोन्हींना नवाने भाग जातो! ४५ आणि ९० च्या नोटांत मोड देऊन पाहा म्हणजे कॅशियरचे काय झाले असेल ते कळेल. पण विनोद बाजूला ठेवू. चलनातला फार मोठा पैसा त्या दिवशी कागद झाला. गादीखाली, मडक्यात ठेवलेली पुंजी गेली. विद्यार्थ्यांनी फीसाठी आणलेल्या नोटा निरुपयोगी ठरल्या आणि रंगूनमध्ये सर्वांत आधी तेच रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी ८ ऑगस्टला सारा देश उठला, आणि लष्कराने गोळ्या घातल्या. नेत्याच्या डोक्यातला शुभ अंक सामान्य माणसाच्या घरात कसा शिरतो, याचे इतके उघड उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

श्रीलंकेतही तेच. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष महिंदा राजपक्षे यांनी मुदत संपायच्या दोन वर्षे आधी निवडणूक जाहीर केली. ८ जानेवारी २०१५ ही तारीख त्यांच्या खास ज्योतिष्याच्या सल्ल्याने धरली होती. ते हरले. तेव्हा ‘हे सगळे त्यांच्याकडे, आपल्याकडे नाही’ असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

यात बुद्धांचे म्हणणे काय होते ते ग्रंथांत आहे. दीघनिकायातले पहिलेच सुत्त, ब्रह्मजाल सुत्त, काढून वाचा. चंद्रग्रहण होईल, नक्षत्रे मार्ग सोडतील, पाऊस पडेल, दुष्काळ येईल असे सांगून पोट भरणे, ही हीन विद्या म्हणून तिथे गणली आहे, आणि श्रमण गोतम तिच्यापासून दूर राहतात असे म्हटले आहे. नक्खत्त जातकातली गोष्ट तर आजही आपल्या वस्तीत घडेल अशी आहे. शहरातल्या मंडळींनी खेड्यातली मुलगी ठरवली, दिवसही ठरला. मग त्यांनी घरच्या आजीवक साधूला विचारले. आपल्याला आधी विचारले नाही म्हणून तो रागावलेला. त्याने सांगितले, आज नक्षत्र वाईट, गेलात तर अनर्थ होईल. वऱ्हाड गेले नाही. खेड्यातल्या लोकांनी वाट पाहिली आणि त्याच मांडवात मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी शहरवाले दारात हजर, आणि जुंपले भांडण. एक शहाणा माणूस तिथे होता. त्याने सरळ विचारले की मुलगी मिळणे हाच शुभयोग होता, तो सोडून ताऱ्यांना घेऊन काय करायचे होते? मला त्या साधूचा राग फार महत्त्वाचा वाटतो. नक्षत्र वाईट नव्हते, त्याचा मान राहिला नव्हता. आपल्याकडेही जोशी हा गावगाड्यातला बलुतेदार होता आणि मुहूर्त सांगणे हा त्याचा हक्क होता. हक्क म्हटला की त्यामागे दक्षिणा आली.

गुरू-शनीच्या वीस वर्षांच्या फेरीचे एक उदाहरण परदेशी ज्योतिषी फार अभिमानाने देत असत. अमेरिकेत १८४०, १८६०, १८८०, १९००, १९२०, १९४० आणि १९६० साली निवडून आलेले सातही राष्ट्राध्यक्ष पदावर असताना वारले: हॅरिसन, लिंकन, गारफिल्ड, मॅकिन्ले, हार्डिंग, रूझवेल्ट, केनेडी. यादी ऐकली की अंगावर काटा येतो, यात शंका नाही. पण १८४८ ला निवडून आलेले टेलरही पदावरच वारले, ते यादीत बसत नाहीत म्हणून वगळायचे. १९८० चे रेगन गोळी लागूनही वाचले आणि दोन मुदती पुऱ्या करून घरी गेले. २००० चे बुश आणि २०२० चे बायडेन यांनीही मुदत पुरी केली. फेरी तशीच चालू आहे, यादी मात्र थांबली.

ज्योतिष तपासता येते का, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. येते, आणि ते काम आपल्या पुण्यात झाले आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन विचारले की यातली कोणती कोणत्या गटातली, एवढेच सांगा. ५१ जण पुढे आले, उत्तरे पाठवली २७ जणांनी. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के. सर्वांत चांगली कामगिरी चाळिसांत २४. एका संस्थेने सर्व दोनशे पत्रिका पाहिल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. रुपया उडवून छापा-काटा केला तरी निम्मी उत्तरे बरोबर येतात. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यातच गोळ्या घालून खून झाला. त्या सकाळी ते फिरायला निघाले होते.

कोणी म्हणेल, ग्रहांवर विश्वास ठेवल्याने कोणाचे काय नुकसान? नुकसान असे की खरा जबाबदार सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. ती ग्रहांनी मारली नाहीत. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर पडून गेली. ज्या गरिबांच्या झोपड्यांवर हलके छप्पर होते त्या तुलनेने तगल्या. शनीला माळवद आणि छप्पर यातला फरक कळत नाही, पण इंजिनिअरला कळतो. १९७२ चा दुष्काळ संवत्सरफलावर सोडून दिला असता तर रोजगार हमीचे काम निघाले नसते. त्या कामावर खडी फोडलेली माणसे या सभागृहात बसलेली आहेत. महागाई शनीमुळे म्हटली की अर्थसंकल्प वाचायची गरज उरत नाही, आणि निवडणुकीचा निकाल गुरूच्या हाती दिला की मतदार यादीत आपले नाव आहे का हे पाहायलाही कोणी जात नाही.

आणि आपल्या घरात हे पुन्हा शिरते आहे, हे मला स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांनी पत्रिका बंद केली. आता मुलामुलींच्या परिचयपत्रात ‘रास’ आणि ‘नक्षत्र’ हे रकाने परत दिसतात, कारण छापील नमुन्यात ते असतात आणि मोबाइलवर पत्रिका फुकट निघते. चांगली शिकलेली, नोकरी करणारी मुलगी ‘मंगळ आहे’ एवढ्यावर नाकारली जाते. मंगळाच्या कक्षेत भारताचे यान २०१४ च्या सप्टेंबरमध्ये पोहोचले. तो आपल्या मुलींच्या लग्नात कशाला येईल? स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले ‘यंदा योग आहे का’ विचारतात आणि त्या योगाच्या शांतीसाठी दीड-दोन हजार रुपये देतात. तेवढ्यात दोन चांगले संदर्भग्रंथ येतात.

एक काम सुचवून थांबतो. अध्यक्षांच्या परवानगीने आपल्या वाचनालयात आजपासून एक वही ठेवली आहे. पाडव्याला आणि दिवाळीला जी जी भविष्ये छापून येतील, दूरदर्शनवर किंवा मोबाइलवर सांगितली जातील, ती विद्यार्थ्यांनी तारखेसह तिच्यात उतरवायची. कोण हरेल, कुठे भूकंप होईल, पाऊस किती पडेल, जे सांगितले असेल ते जसेच्या तसे, आपली भर न घालता. समोरचा रकाना रिकामा ठेवायचा. वर्षाअखेरीस चार जणांनी एकत्र बसून तो भरायचा: बरोबर, चूक, किंवा सांगितलेच असे की काहीही झाले तरी बरोबर. या तिसऱ्या प्रकाराला वेगळी शाई वापरा. वही दाराजवळच्या कपाटात आहे, किल्ली ग्रंथपालांकडे. पहिल्या पानावर आज सकाळच्या वर्तमानपत्रातले एक भविष्य मी उतरवून ठेवले आहे. त्यात तारीख आहे, स्थळ आहे आणि मुदत तीन महिन्यांची आहे.